तेराव्याला सही कशाची?

मागच्या एपिसोडनंतर बऱ्याच जणींनी एकच विचारलं: आई-बाबा दोघंही गेले, आता दादा म्हणतो हक्कसोड करून दे. काय करू?

आधी कायद्याचं पटकन सांगतो. हिंदू वारसा कायद्यात, बाबा मृत्युपत्र न करता गेले तर त्यांच्या स्वकमाईत मुलगा-मुलगी सारखेच वारस, हे १९५६ पासून आहे. वडिलोपार्जित मिळकतीत २००५ च्या दुरुस्तीने मुलगी जन्मापासून हिस्सेदार. लग्नात खर्च किती केला, हा मुद्दाच नाही.

गोंधळ होतो दोन कागदांत. वारस नोंद म्हणजे सातबाऱ्यावर सगळ्यांची नावं लागणं. ती तीन महिन्यांत तलाठ्याकडे कळवायची. हक्कसोडपत्र वेगळं. ते दुय्यम निबंधकाकडे नोंदवलं की हिस्सा गेला. नुसतं मन बदललं म्हणून परत मिळत नाही. आणि त्याला मुदत अशी काही नसते! तरी विषय तेराव्यालाच का निघतो? सगळे जमलेले असतात, रडून थकलेले असतात.

बहीण सही करते त्यामागे बऱ्याचदा माहेर तुटायची भीती असते. आई होती तोवर जायला निमित्त लागायचं नाही. आता भाऊबीजेला बोलावणार दादा-वहिनीच.

पण दादाचंही ऐका. आईचं अंथरुणावरचं सगळं त्यानेच काढलं असेल, आणि कुणी विचारलंही नसेल. माझ्या मते निम्मी भांडणं इथलीच. तेव्हा त्याला म्हणा, "दादा, वारस नोंद आत्ता करू. हक्कसोडीचं वर्षश्राद्धानंतर बघू. आईच्या आजारपणात तुझे किती गेले, ते आधी सांग."