तव्याला कुठलं तेल?

बिडाचे तवे पुन्हा घरोघरी यायला लागले आणि निवृत्तीनंतर मला नवं काम लागलं. माझी नोकरी शिरोलीच्या एका फौंड्रीत, कोअर शॉपमध्ये गेली. त्यामुळे गल्लीत कुणी तवा आणला की आधी माझ्याकडे येतो. "मामा, जवसाचं तेल चोळू का? का मेण लावू?"

जवसाच्या तेलाला मी चांगलं ओळखतो. ओतकामात पोकळ वस्तू करायची तर पोकळीच्या जागी वाळूचा कोअर बसवावा लागतो. हल्ली त्यासाठी रेझिन वापरतात. जुनी पद्धत म्हणजे वाळूत जवसाचं तेल मळायचं आणि ओव्हनला दोनशे-सव्वादोनशे अंशांवर भाजायचं. आत जाताना बोटानं मोडणारा कोअर बाहेर येताना विटेसारखा खणखणीत. त्यातलं तेल काही उडून गेलेलं नसतं. उष्णतेत हवेतला ऑक्सिजन घेऊन त्याचे रेणू एकमेकांत गुंतलेले असतात. तवा मुरवताना, म्हणजे ज्याला सगळे सीझनिंग म्हणतात त्यात, हेच घडतं. वाळूच्या जागी बिडाचा खरखरीत पृष्ठभाग, एवढाच फरक.

असं गुंतणं सगळ्या तेलांना सारखं जमत नाही. त्याचा अंदाज आयोडीन मूल्यावरून येतो, म्हणजे शंभर ग्रॅम तेल किती ग्रॅम आयोडीन शोषतं त्यावरून. जवसाचं साधारण १८०, करडईचं १४०, सूर्यफूल आणि सोयाबीनचं १३०, तिळाचं ११०, शेंगदाण्याचं ९० ते ९५, आणि खोबरेलाचं जेमतेम ८. आकडा मोठा, तर तेल लवकर सुकून घट्ट होणार.

मग जवसच का नको? अमेरिकेत २०१० साली शेरिल कँटर यांनी हाच हिशेब मांडून जवसाची शिफारस केली होती आणि ती जगभर गेली. थर दिसायला देखणाही येतो, काळाभोर, चकचकीत. पण पुढे बऱ्याच जणांच्या तव्यावरून त्याचे पापुद्रे सुटले. मला त्याचं नवल वाटलं नाही. जे जितकं कडक, ते तितकं ठिसूळ. तवा आचेवर फुगतो, गार झाला की आकसतो, आणि ताठ थराला त्याच्याबरोबर हलता येत नाही. टेनेसीतली लॉज कंपनी १८९६ पासून बिडाची भांडी ओतते. आज त्यांचे तवे कारखान्यातून मुरवूनच येतात, आणि तेल साधं सोयाबीनचं. रंगाच्या दुकानातलं डबल बॉइल्ड अळशीचं तेल तर तव्याच्या आसपासही नको. ते लवकर सुकावं म्हणून त्यात धातूंचे क्षार घातलेले असतात.

माझं मत करडईला. आपल्या सोलापूर-मराठवाड्याचं तेल, सुकतं बेताचं आणि थर चिवट देतं. रिफाइंड घेतलंत तर धूर उशिरा येतो. मात्र बाटलीवर ‘हाय ओलेइक’ लिहिलेलं असेल तर ते तळणाला ठेवा. ते मुद्दाम कमी सुकणारं असतं. करडई नसेल तर सूर्यफूल, सोयाबीन, जे घरात असेल ते. शेंगदाणाही चालतो, वेळ जास्त घेतो इतकंच.

आमच्या मालवणच्या व्याह्यांना यातलं काहीच पटत नाही. त्यांच्याकडे अर्धा कांदा खोबरेलात बुडवून बिड्यावर फिरवतात आणि घावन कागदासारखं सुटून येतं. येणारच! ते बिडं पिढीजात, रोज चुलीवर चढणारं. खोबरेल तिथे नवा थर बांधत नाही, आधीच्या थरावर वंगण देतं. कोऱ्या तव्याला त्यांनी खोबरेल लावून दाखवावं.

आता मेण. मधमाशीचं मेण साधारण ६३ अंशांना वितळतं. ते सुकणाऱ्या तेलासारखं गुंतत नाही, त्यामुळे थर बांधायचं काम तेलाचंच. तेलात मेण मिसळून विकतात त्या वड्यांचा फायदा म्हणजे हाताला गळत नाहीत आणि पातळ चोळता येतात. तेवढ्यासाठी जादा पैसे मोजायचे की नाही, ते तुम्ही ठरवा. पावसाळ्यात जो तवा महिनोन्‌महिने फळीवर राहणार, त्याला मात्र मेणाचा हात जरूर द्या, गंज धरत नाही. मेणबत्तीचं पॅराफिन खनिज तेलातून निघतं. ते स्वयंपाकाच्या भांड्याला लावू नये.

कुठलंही तेल घ्या, नासतं ते जाड लावल्यानं. नव्या तव्यावर गंज येऊ नये म्हणून कारखान्यात तेल किंवा मेण लावलेलं असू शकतं, म्हणून आधी गरम पाण्यानं आणि साबणानं खसखसून धुवा. आचेवर ठेवून पूर्ण कोरडा करा. कोमट असताना चमचाभर तेल आतून-बाहेरून चोळा आणि मग कोरड्या फडक्यानं असं पुसा, जणू तेल चुकून लागलंय आणि सगळं काढायचंय. मध्यम आचेवर धूर येऊन थांबेपर्यंत ठेवा, खिडकी उघडी ठेवून. गार होऊ द्या. असं चार-पाच वेळा. हाताला चिकट लागलं तर तेल जास्त झालं किंवा आच कमी पडली. पुन्हा तापवा. मग पहिले काही दिवस भाकरी, थालीपीठ, तेल सोडून केलेली धिरडी. चिंचेची आमटी आणि टोमॅटो इतक्यात नको, आंबट थर खातं.

आणि हट्टानं जवसच वापरणार असाल, तर पुसायचं फडकं गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ते तेल सुकताना उष्णता सोडतं, आणि गोळा केलेलं फडकं आपोआप पेटू शकतं. दोरीवर मोकळं पसरा.