डिस्कचें कुलूप आणि त्याची किल्ली

प्रत्येक कुटुंबांत कांहीं कागद असे असतात कीं, ते परक्याच्या हातीं पडूं नयेत याची काळजी वडील माणसें घेतात. पूर्वीं असे कागद पेटींत कुलूप लावून ठेवीत. सांप्रत बँकेचीं पत्रकें, वैद्यकीय अहवाल, घराचे करारनामे आणि मुलांच्या गुणपत्रिका लॅपटॉपच्या डिस्कवर असतात. आणि तो लॅपटॉप पाठीवरच्या पिशवींतून पनवेल-वाशीच्या लोकलगाडींत रोज प्रवास करतो. एखादे दिवशीं तो गाडींत राहिला, तर दुसरा विकत घेतां येईल. परंतु आंतील कागद ज्याच्या हातीं पडले, त्यास ते वाचण्यापासून कसें अडवावयाचें? या प्रश्नाचें उत्तर डिस्कच्या कूटलेखनांत, म्हणजेच एन्क्रिप्शनमध्यें आहे.

लॅपटॉप सुरू होतांना पासवर्ड विचारतो, एवढ्यानेंच आपण सुरक्षित आहों अशी पुष्कळांची समजूत असते. ती चुकीची आहे. तो पासवर्ड दारावरच्या पहारेकऱ्यासारखा होय. चार स्क्रू काढून साधी डिस्क बाहेर घेतली व दुसऱ्या यंत्रास जोडली, कीं पहारेकरी दारींच राहतो आणि आंतील सर्व मजकूर वाचतां येतो. दाराला भक्कम कुलूप आणि मागची भिंत कुडाची, असा हा प्रकार आहे.

म्हणून मजकूरच असा लिहून ठेवावयाचा कीं, किल्लीवांचून तो उलगडूं नये. ज्यास मोडी येत नाहीं त्याच्या हातीं जुनें दप्तर आलें, तरी त्यास त्यांत नुसत्या रेघोट्या दिसतात. कूटलेखनाचें तत्त्व यासारखेंच आहे. भेद इतकाच कीं, मोडी कोणासही शिकतां येते, पण येथें लिहिण्याची रीत जगजाहीर असूनही किल्लीवांचून वाचन होत नाहीं. हल्लीं सर्वत्र रूढ असलेली ‘एईएस’ ही रीत योआन डामेन व व्हिन्सेंट रायमेन या दोन बेल्जियन पंडितांनीं रचिली, आणि 2001 सालीं अमेरिकेच्या सरकारनें ती प्रमाण म्हणून स्वीकारली. तींत मजकुराचे सोळा-सोळा बाइटांचे तुकडे करून प्रत्येकावर अदलाबदलीचे 10, 12 किंवा 14 फेरे केले जातात. लहानांत लहान किल्ली 128 बिटांची असते. अशा भिन्न किल्ल्यांची संख्या लिहूं गेल्यास 39 अंक लागतात. एकेक किल्ली लावून पाहण्याची आशा चोरानें सोडलेलीच बरी!

हें सर्व काम साध्या प्रोग्रामनें केल्यास यंत्र मंदावतें. यास्तव त्याचा भार खास त्यासाठीं घडविलेल्या चिपांवर टाकण्याचे दोन मार्ग निघाले. पहिल्यांत संगणकाच्या प्रोसेसरमध्येंच एईएसच्या खास आज्ञा असतात. इंटेलनें त्या 2010 पासून आपल्या प्रोसेसरांत घातल्या. दुसऱ्यांत डिस्कमधील चिपच लिहितांना मजकूर कूट करते व वाचतांना उलगडते. अशा डिस्कांसाठीं ‘ओपल’ नांवाचें प्रमाण 2009 सालीं प्रसिद्ध झालें.

या दुसऱ्या प्रकाराविषयीं एक गोष्ट नीट ध्यानांत ठेवावी. अशी डिस्क कारखान्यांतून निघाल्यापासून सर्व मजकूर कूटच लिहिते. पण मालकानें पासवर्ड घातला नसेल, तर विचारील त्यास उलगडूनही देते. तिजोरी उत्तम, पण किल्ली कुलपांतच लटकलेली! मालकाचा पासवर्ड म्हणजे आंतल्या खऱ्या किल्लीवरचें वेष्टन होय. म्हणून पासवर्ड बदलल्यास सर्व डिस्क पुन्हां लिहावी लागत नाहीं. आणि आंतली किल्ली नष्ट केली, कीं सारा मजकूर क्षणांत निरर्थक होतो. आपल्या ऐरोली, रबाळे, महापे येथें जीं डेटा सेंटरें आहेत, तशा ठिकाणीं जुन्या डिस्का काढून टाकतांना हा गुण फार मोलाचा ठरतो.

तथापि कारखानदाराच्या शब्दावर सर्वस्वीं विसंबूं नये. 2018 सालीं नेदरलँड्समधील राडबाउड विद्यापीठाच्या संशोधकांनीं दाखवून दिलें कीं, कांहीं प्रसिद्ध डिस्कांत पासवर्ड व खरी किल्ली यांची गांठच बांधलेली नव्हती. त्यामुळें पासवर्डावांचूनही मजकूर उलगडतां येई. पुढें 2019 मध्यें मायक्रोसॉफ्टनें आपली रीत बदलली, आणि नव्यानें कूट होणाऱ्या डिस्कांचें काम डिस्कच्या चिपऐवजीं विंडोजनेंच करावें असें ठरविलें. प्रोसेसरच्या आज्ञांचें साह्य असल्यानें घरगुती वापरास हा पहिला मार्ग पुरेसा आहे.

आतां प्रत्यक्ष कृति. प्रथम सर्व मजकुराची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर करावी. नंतर सेटिंग्जमध्यें जाऊन विंडोजवर ‘बिटलॉकर’ अथवा ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’, व ॲपलच्या संगणकावर ‘फाइलव्हॉल्ट’ चालू करावें. ओपल डिस्कचा उपयोग करावयाचा असल्यास तिचें फर्मवेअर आधीं अद्ययावत् करावें. लिनक्सवर ‘क्रिप्टसेटअप’च्या 2024 मधील 2.7 या आवृत्तीपासून दोन्ही कुलपें एकावर एक घालतां येतात. बिटलॉकर 48 अंकांची एक जादा किल्ली देतो. ती कागदावर उतरून घरच्या कपाटांत ठेवावी, लॅपटॉपच्या पिशवींत कदापि नव्हे. शेवटीं, प्रवासास निघतांना यंत्र पूर्ण बंद करावें. तें नुसतें निजविलें तर कुलूप बहुधा उघडेंच राहतें.

हें कुलूप चोरापासून रक्षण करतें, सर्व संकटांपासून नव्हे. जून 2017 मध्यें ‘नॉटपेट्या’ नांवाचा उपद्रवी प्रोग्राम जगभर पसरला, आणि न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरांतील एका टर्मिनलचें कामकाजही त्यानें विस्कळित केलें. त्यानें केलें काय? लोकांचा मजकूर कूट केला, आणि किल्ली कोणासही परत मिळूं दिली नाहीं. जी विद्या रक्षण करते, तीच किल्ली हरवल्यास नाश करते. आपण स्वतःची किल्ली हरविली, तर आपल्या हातून आपल्याच घरावर तोच प्रसंग येईल.

विद्यार्थिमित्रहो, दहा कुमारींच्या दृष्टांतांत पांच जणींस मध्यरात्रीं तेल उसनें मिळालें नाहीं, हें आपण जाणतां. जादा किल्ली व मजकुराची दुसरी प्रत यांचेंही तसेंच आहे. येत्या सुटींत आईवडिलांजवळ बसून या दोन गोष्टींची व्यवस्था करावी, आणि मगच कुलूप लावावें.