न मांडलेले बिंदू

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना नीतिमूल्ये वेगळ्या तासाला शिकवावीत की विषय शिकवतानाच? आम्हाला वाटते, विषय शिकवतानाच. एक उदाहरण पाहू.

२८ जानेवारी १९८६ रोजी अमेरिकेचे ‘चॅलेंजर’ हे अवकाशयान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत नष्ट झाले. सातही अंतराळवीर मृत्युमुखी पडले. बूस्टर रॉकेटच्या सांध्यातील रबरी कडे थंडीने ताठरले होते. तेथून तप्त वायू निसटला.

आदल्या रात्री अभियंत्यांनी उड्डाणाला विरोध केला होता. व्यवस्थापनाने तो बाजूला सारला. चर्चेत तापमानाशी ताडून पाहिली ती फक्त कड्यांना इजा झालेली उड्डाणे. त्यांतून स्पष्ट संबंध दिसेना. चौकशी आयोगाने नंतर सर्व उड्डाणे मांडली. सुमारे १८ अंश सेल्सिअसखालच्या चारही उड्डाणांत इजा होती, त्यावरच्या २० पैकी केवळ तिनांत. अपघाताच्या सकाळी तापमान होते सुमारे २ अंश!

म्हणून आलेख शिकवताना आपण विचारायला हवे : कोणती निरीक्षणे गाळली? का? प्रयोगवहीतले ‘न जुळणारे’ निरीक्षण विद्यार्थ्याला खोडू न देणे, हाही नीतीचाच पाठ आहे.