गाडीचा एसी थंड करत नाहीये? आधी हे बघा

शेजारचे काका परवा म्हणाले, "दरवर्षी गॅस भरतो, तरी उन्हाळ्यात एसी रडतोच."

एसीचा गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तो बंद नळ्यांतूनच फिरत राहतो. दरवर्षी भरावा लागत असेल, तर कुठेतरी लीकेज आहे. आधी ते काढा, मग गॅस भरा.

हवाच कमी येतेय? केबिन फिल्टर तपासा. बऱ्याच गाड्यांत तो ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो.

हायवेवर थंड, सिग्नलला गरम? कंडेन्सरवर धूळ साचली असेल किंवा त्याचा पंखा बंद पडला असेल.

कंडेन्सर धुताना पाण्याचा जोर कमीच ठेवा. त्याच्या पातळ पात्या लगेच वाकतात.

तुमच्या गाडीत नेमकं काय होतंय? मॉडेल आणि लक्षणं लिहा, जमेल तसं उत्तर देतो.