राजमाता मार्गारेट बोफर्ट : चरित्र आणि प्रतिमा

इंग्लंडमधील ट्यूडर राजवंशाचा संस्थापक सातवा हेन्री याची माता मार्गारेट बोफर्ट (१४४३-१५०९) हिच्या दोन परस्परविरोधी प्रतिमा रूढ आहेत. एक व्रतस्थ, दानशूर साध्वीची; दुसरी सत्तेसाठी बालहत्येपर्यंत मजल मारणाऱ्या कारस्थानी स्त्रीची. या प्रतिमा कोणी घडविल्या आणि समकालीन साधने त्यांना कितपत दुजोरा देतात, हे पाहणे उद्बोधक ठरते.

लँकेस्टर घराण्याशी असलेले रक्ताचे नाते आणि विपुल मालमत्ता यांमुळे मार्गारेटचा विवाह हा बालपणापासूनच राजकारणाचा विषय होता. १४५५ साली, वयाच्या बाराव्या वर्षी, तिचा एडमंड ट्यूडरशी विवाह झाला. पुढील वर्षी तो मरण पावला आणि २८ जानेवारी १४५७ रोजी पेम्ब्रोकच्या किल्ल्यात तिने हेन्रीला जन्म दिला. तेव्हा तिने वयाची चौदा वर्षेही पुरी केली नव्हती. नंतरच्या दोन विवाहांतून तिला अपत्य झाले नाही. एकुलता मुलगा १४६१ पासून परक्यांच्या ताब्यात वाढला आणि १४७१ नंतर चौदा वर्षे परदेशात राहिला. १४८५ साली बॉसवर्थच्या लढाईत तिसऱ्या रिचर्डचा पाडाव करून तो राजा झाला.

साध्वीच्या प्रतिमेचा मुख्य आधार म्हणजे तिचा धर्मगुरू जॉन फिशर याने १५०९ मध्ये तिच्या निधनानंतर दिलेले प्रवचन. ते गौरवपर असणे स्वाभाविक होते. खलनायिकेची प्रतिमा त्याहून बरीच उत्तरकालीन आहे. १४८३ मध्ये लंडनच्या टॉवरमधून नाहीशा झालेल्या दोन राजपुत्रांच्या हत्येचा आळ जॉर्ज बक याने तिच्यावर घेतला तो १६१९ च्या सुमारास, रिचर्डचे समर्थन करताना. रिचर्डच्याच संसदेने १४८४ मध्ये मार्गारेटला दोषी ठरविले, तेव्हा मुलाला निरोप व पैसा पाठवून बंडास साहाय्य केल्याचा ठपका तिच्यावर होता. राजपुत्रांचा उल्लेख त्यात नाही. अर्थात, तो विषय काढणे रिचर्डलाच अडचणीचे असल्याने या मौनावरून तिचे निर्दोषत्व सिद्ध होत नाही. आरोपाला समकालीन पुरावा नाही, एवढेच म्हणता येते.

दप्तरातून दिसणारी मार्गारेट या दोहोंहून निराळी आहे. १४८५ च्या संसदेने, पती हयात असतानाही, अविवाहित स्त्रीप्रमाणे स्वतंत्रपणे मालमत्ता बाळगण्याचा अधिकार तिला दिला. ती जमाखर्चाबाबत काटेकोर होती. १४९९ पासून ती ‘मार्गारेट आर’ अशी सही करू लागली. हे अक्षर रिचमंड या तिच्या जहागिरीचे की राणीपदवाचक लॅटिन शब्दाचे, ही संदिग्धता बहुधा हेतुपुरस्सर असावी. केंब्रिजमध्ये १५०५ साली तिने क्राइस्ट्स कॉलेज स्थापन केले; सेंट जॉन्स कॉलेज तिच्या इच्छेनुसार मृत्यूनंतर उभे राहिले.

तथापि तिच्या अंतरंगाचा सर्वांत बोलका पुरावा एका स्पॅनिश राजदूताच्या १४९८ च्या पत्रात आहे. हेन्रीची कन्या मार्गारेट हिचा स्कॉटलंडच्या चौथ्या जेम्सशी विवाह ठरत होता. मुलगी जेमतेम नऊ वर्षांची. जेम्स थांबणार नाही आणि तिच्या देहाला इजा होईल, या भीतीने आपली पत्नी व आई दोघीही विरोध करीत आहेत, असे हेन्रीने राजदूतास सांगितले. विवाह १५०३ पर्यंत लांबला. स्वतःच्या बालमातृत्वाविषयी मार्गारेटने लिहिलेले काही उपलब्ध नाही; परंतु नातीसाठी धरलेल्या या आग्रहात त्याची स्मृती असावी, असे मानण्यास जागा आहे. स्तुती आणि निंदा या दोहोंनी झाकलेली व्यक्ती येथे क्षणभर दिसते.