दोरा चुकला की मासा सुटला!

जॉर्जियात १९३२ साली जॉर्ज पेरी यांनी २२ पौंड ४ औंसांचा बास मासा पकडला. २००९ मध्ये जपानच्या बिवा सरोवरात त्या विक्रमाची बरोबरी झाली. असा मासा गळाला लागूनही सुटला तर? अनेकदा दोष दोऱ्याचा असतो.

अमेरिकेत बाससाठी 'क्रँकबेट' हे नकली आमिष वापरतात. रीळ फिरवताच पुढच्या जिभेमुळे ते डुलत बुडी मारते. जाड दोऱ्याला पाणी जास्त अडवते, म्हणून आमिष वरच राहते. बारीक दोऱ्यावर ते खोल जाते.

उथळ पाण्यात नायलॉन बरा. तो स्वस्त असतो आणि ताणला जातो, त्यामुळे हिसका सोसतो. खोल पाण्यासाठी १० ते १२ पौंडी फ्लुरोकार्बन घ्यावा. तो बुडतो, कमी दिसतो आणि आमिष तळाला लागल्याचे हाताला कळवतो. त्याची गाठ मात्र ओली करूनच आवळावी. विणलेला दोरा मजबूत खरा, पण ताणला जात नाही. हिसक्यासरशी बारीक गळ माशाच्या तोंडातून निसटतात.

आणि तुटलेला दोरा पाण्यात टाकू नका. तो वर्षानुवर्षे कुजत नाही, पक्ष्यांच्या पायांत अडकून त्यांचा जीव घेतो. गुंडाळून घरी आणा. आपल्या नदी-तलावांनाही हाच नियम!