टपाखालचा पत्रा

बऱ्हाणपूरच्या लोधीपुऱ्यात बाहेरगावची गाडी शिरली की ती दरगाह-ए-हकीमीलाच आली, असं सगळे धरून चालतात. सय्यदी अब्दुल कादिर हकीमुद्दीन यांची ही समाधी, आणि दाऊदी बोहरा भाविकांची तिथे बारमाही ये-जा. मी रावेरहून आलो होतो तो मात्र गाडीच्या टोपीसाठी.

गाडी मामांची, १९७४ची प्रीमियर पद्मिनी. अंग दुधी, टप काळा. हा काळेपणा रंगाचा नव्हे. पत्र्यावर व्हिनाइल चिकटवलेलं आहे, चामड्यासारखा दाणा असलेलं. ऐंशीच्या दशकात मामांनी ते हौसेनं बसवून घेतलं. आता ते खडूसारखं पांढुरकं पडलं होतं, कडेनं आखडलं होतं आणि मागच्या काचेखाली पुरीसारखं फुगलं होतं. रंगवायचं की बदलायचं, एवढाच माझा प्रश्न होता.

कुशनवाल्या उस्तादांनी उत्तर द्यायच्या आधी त्या फुगवट्यावर अंगठा दाबला. आतून पापड मोडल्यासारखा आवाज आला. ‘‘भाऊ, हे रेक्झिन नाही वाजत, खालचा पत्रा बोलतोय.’’

मुळात हा टप म्हणजे एक सोंग आहे. घोडागाडीला आणि जुन्या मोटारींना घडीचा कापडी टप असे. पाऊस आला की ओढायचा, ऊन कललं की मागे टाकायचा. पुढे पोलादी छपरं आली, पण उघड्या गाडीची ऐट लोकांना सुटेना. मग अमेरिकेत पक्क्या पत्र्यालाच कापडी टपाचा वेष चढवला गेला. १९५६च्या कॅडिलॅक एल्डोराडो सेव्हिलवर असं व्हिनाइल होतं. १९६२च्या फोर्ड थंडरबर्ड लँडोनं तर बाजूला घोडागाडीच्या टपाला असत तशा वळणदार बिजागर-पट्ट्याही लावल्या. त्या बिजागऱ्यांनी काही म्हणजे काहीच उघडत नसे. १९६९-७० मध्ये प्लिमथ आणि डॉज यांनी फुलाफुलांचे टप काढले. ते पाहून मला अजूनही बैठकीच्या गाद्यांचे अभ्रे आठवतात.

आपल्याकडे ही हौस फियाटवाल्यांनी गॅरेजात पुरवून घेतली. वालचंद हिराचंद यांनी उभारलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट ११०० निघे. तिचीच पुढे प्रेसिडेंट आणि मग पद्मिनी झाली. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीचा पिवळा टप हा निव्वळ रंग. खाजगी फियाटचा काळा टप हा मात्र मालकाचा तोरा.

कुशनवाले या मालाला सरसकट रेक्झिन म्हणतात. ते मँचेस्टरजवळच्या हाइड गावातल्या एका कंपनीचं नाव, आणि तिचा माल सेल्युलोज नायट्रेटचा लेप दिलेलं कापड असे. आजचं रेक्झिन पीव्हीसीचं, म्हणजे व्हिनाइलचंच. तापल्या रुळांमधून पीव्हीसीचा लगदा पातळ लाटतात, कापडावर दाबतात, वरून नक्षीच्या रुळानं दाणा उठवतात. या साध्या कृतीवरून सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडण गेलं होतं. भोर इंडस्ट्रीज ही कंपनी पीव्हीसीचं लेदरक्लॉथ बनवत असे. ते बनवताना मधल्या टप्प्यावर जो कच्चा पापुद्रा तयार होतो, त्यावर उत्पादन शुल्क लागावं का, हा वाद. १९८९ मध्ये निकाल लागला: जो बाजारात विकण्याजोगा नाही, त्यावर शुल्क नाही. कापडाला चिकटेपर्यंत तो पापुद्रा म्हणजे नुसती साय.

पीव्हीसी स्वभावानं कडक. त्याला मऊ ठेवण्यासाठी तेलासारखं द्रव्य मिसळलेलं असतं आणि ते उन्हानं वर्षानुवर्षं उडत राहतं. तापीकाठच्या मे महिन्यात काळ्या टपावर हात ठेववत नाही. तिथे ते किती दिवस टिकणार? म्हणून माल आधी कडक होतो, मग आखडतो, मग शिवणीपाशी तडकतो. यावर आमच्याकडचे इलाज म्हणजे खोबरेल, रॉकेल आणि बूटपॉलिश. मामा पॉलिशवाले. लग्नाच्या एका वरातीत नवरदेव टपाला टेकला आणि त्याच्या पांढऱ्या शेरवानीची जी पाठ झाली, ती गोष्ट आमच्या घरात अजून दर दिवाळीला निघते.

रंगवण्याचं शास्त्र वेगळं. बऱ्हाणपूर हे मागांचं गाव, इथे कापड रंग पितं हे कुणाला सांगावं लागत नाही. पीव्हीसी रंग पीत नाही. त्याला ‘डाय’ म्हणून विकतात तो खरा लवचिक लेपच. त्यातलं द्रावण पृष्ठभागाला किंचित चावतं आणि रंग धरून बसतो. आधी साबण आणि ब्रशनं दाण्यातला मळ, मेण, पॉलिश सगळं काढायचं, मग तीन-चार विरळ हात मारायचे. जाड मारला की दाणा बुजतो आणि टप डांबर ओतल्यासारखा दिसतो. काळ्यावर काळा सहज बसतो, काळ्यावर बदामी सहसा फसतो. आणि नखानं दाबल्यावर जे व्हिनाइल अजून लवतं, त्यालाच हा खर्च करावा. आमचं लवत नव्हतं.

टप उघडायचं ठरलं. क्रोमच्या पट्ट्या निघाल्या, मागची काच रबरासकट उतरली, पन्हळीच्या कडेनं बोथट पाती घालून उस्ताद सोलत गेले. मधला पत्रा आरशासारखा निघाला. काचेखाली मात्र बोट आरपार गेलं. रबरातून शिरलेलं पाणी व्हिनाइलच्या पाठीच्या कापडानं धरून ठेवलं होतं, वर्षानुवर्षं. याच गावात मुघल सुभेदार अब्दुल रहीम खानखानानं १६१५च्या सुमारास कुंडी भंडारा बांधवला. सातपुड्यातून झिरपणारं पाणी जमिनीखालून कुंड्याकुंड्यांनी शहरात आणणारी ती योजना. झिरपणाऱ्या पाण्याची चिकाटी मला त्या भोकातून जास्त नीट कळली.

मामांची काळजी निराळीच. २०२१च्या नियमांनुसार पन्नास वर्षांवरच्या गाडीला ‘व्हिंटेज’ म्हणून ‘व्हीए’ मालिकेचा क्रमांक मिळू शकतो. नोंदणी वीस हजारांची, मुदत दहा वर्षांची. अट अशी की सांगाडा, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. तळहाताएवढं ठिगळ म्हणजे मोठा फेरफार काय? मला तसं वाटत नाही, पण उस्तादांनी कापण्याआधी आणि जोडल्यावर फोटो काढून ठेवायला लावले. वेल्डिंग झालं, लांबी भरली, घासून रेड ऑक्साइडचा हात बसला.

सोललेलं कातडं उलटं पडलं होतं, गंजाच्या तांबड्या नकाशासकट. शेजारचे यंत्रमागवाले चाचा चहा घ्यायला आले होते. त्यांनी उकिडवं बसून त्याच्या पाठीचा एक धागा नखानं उचकटला, ओढला. ‘‘हे मागावरचं नाही. होजिअरीचं आहे. चारी बाजूंनी ताणतं, म्हणून गोलाईवर बसलं.’’ मग मी जळगावहून आणलेला नवा अडीच मीटरचा गुंडाळा त्यांनी उलटा केला. पाठीला आडवं-उभं विणलेलं साधं कापड. दोघांनी दोन टोकं धरून ओढलं. तसूभर हललं नाही.

‘‘हे सीटचं आहे, भाऊ,’’ उस्ताद म्हणाले. ‘‘कोपऱ्यात चुण्या पडतील.’’

गुंडाळा पुन्हा डिकीत गेला. काच बसवली, पट्ट्या पेपरात बांधल्या आणि संध्याकाळी आम्ही तांबड्या बोडक्या टपानं रावेरच्या रस्त्याला लागलो.